भंगाराचं टेबल

काही माणसं अपमान विसरतात म्हणे. मी त्यांतली नाही. ठाण्याला असताना शेजारच्या मुलीने माझी सागरगोट्यांची पिशवी लपवली होती. पुढे तिच्या लग्नाचं आमंत्रण आलं तेव्हा मी तापाचं निमित्त करून घरी बसले, ही गोष्ट माझी आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. तेव्हा अरादमधल्या आमच्या कारखान्याबद्दल लिहिताना मी समतोल राहीन, अशी अपेक्षा कोणी करू नये. ज्याने तो कारखाना घालवला त्याला मी पाणी पाजलं. कसं, ते सांगते.

अराद हे नेगेवच्या वाळवंटातलं गाव. हवा कोरडी, धूळ पिठासारखी बारीक, आणि पाणी म्हटलं की सगळे गंभीर होतात. आम्ही इस्रायलला आलो तेव्हा मी नुकती इंजिनियर झाले होते आणि नोकरी मिळाली ती तिथल्याच कारखान्यात. कंपनी परदेशी होती, मुख्य कार्यालय युरोपात, कारखाने चार देशांत. आमच्याकडे ठिबक सिंचनाचे प्लास्टिकचे व्हॉल्व्ह बनत. वरच्या मजल्यावर आमचा विकास विभाग, खाली साच्यांची यंत्रं आणि मध्ये एक लोखंडी जिना. त्या जिन्याखाली ते टेबल होतं.

इथल्या कारखान्यांत सकाळी दहाला सगळे मिळून खातात. काकडी, टोमॅटो, उकडलेली अंडी, मऊ पांढरं चीज, ऑलिव्ह, पाव. शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून गुरुवार हा आमचा आठवड्याचा शेवटचा दिवस. त्या दिवशी हे खाणं जिन्याखाली व्हायचं आणि टेबलाच्या मधोमध आठवडाभरात खराब निघालेले व्हॉल्व्ह ओतलेले असायचे. वाकलेले, चिरलेले, फुगलेले. खाता खाता एकेक तुकडा उचलायचा आणि भांडायचं. नियम एकच होता. ज्याने ड्रॉइंग काढलं त्याने आधी आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगायची, मग बाकीच्यांनी त्याची सालटी काढायची. ही पद्धत कोणी सुरू केली कोणाला माहीत नव्हतं. ती कुठे लिहून ठेवलेली नव्हती.

माझ्यासमोर बसायची ती यंत्रावर काम करणारी एक बाई. मोरोक्कोहून आलेल्या घरातली, माझ्याच वयाची, आणि आवाज असा की यंत्रं चालू असली तरी तिला ओरडावं लागायचं नाही. ती मला 'नेशामा' म्हणायची, म्हणजे माझ्या जिवा, आणि पुढच्याच वाक्यात माझ्या ड्रॉइंगची लक्तरं काढायची. मी डब्यातून हिरवी चटणी न्यायचे. ती पावाला लावून नाक पुसत पुसत खायची आणि डबाच घरी घेऊन जायची. आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, हे मी तिला एकदा सांगितलं होतं. तिने ते असं मनावर घेतलं की डब्यातून कधी ऑलिव्ह यायचे, कधी तिच्या आईच्या हातची बिस्किटं, आणि काहीच नसलं तर चिमूटभर साखर. माझा डबा तिच्याकडून कधी रिकामा आला नाही.

आमचा सगळ्यात नावाजलेला व्हॉल्व्ह त्या टेबलावरच जन्माला आला. बारीक वाळू व्हॉल्व्हच्या आत, रबराखाली अडकायची आणि तो नीट मिटायचा नाही. आम्ही वरच्या मजल्यावर डोकं फोडून घेत होतो. एका गुरुवारी ही बाई म्हणाली, की भंगारातले वाकड्या कडेचे काही तुकडे तिने घरच्या बागेत लावलेत आणि ते मुळीच तुंबत नाहीत. मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, तुझ्या कागदावर शक्य नसेल. पुढचे कित्येक गुरुवार आम्ही त्यावरून कडकडून भांडलो. साचा नीट थंड झाला नाही की कड लाटेसारखी वाकते, म्हणून आम्ही तो माल फेकत होतो. शेवटी चिडून मी तसे तुकडे वाळूच्या पाण्यावर चालवून पाहिले आणि तिच्या म्हणण्यात काय आहे ते दिसलं. त्या लाटेतून पाणी गोल फिरत होतं आणि वाळू बाहेर ढकलत होतं. मग ती लाट किती असावी, साच्यात मुद्दाम कशी आणावी, रबर कोणतं घ्यावं यावर सगळ्या टेबलाने डोकं चालवलं. कोणी हिशेब केला, कोणी साचा घासला, कोणी नुसत्याच शिव्या घातल्या. तो व्हॉल्व्ह आम्हां सगळ्यांचा होता.

आणि मग तो आला. त्याला मी इथे मेनाहेल म्हणेन, हिब्रूत मॅनेजरला तेच म्हणतात. तो विभागात आला तेव्हा माझ्या हाताखाली होता. साचा म्हणजे काय, प्लास्टिक कुठे आकसतं, हे त्याला मी शिकवलं. हुशार होता, गोड बोलायचा, कपड्यांना कधी डाग नाही. टेबलावर बसायचा तेव्हा खुर्चीवर आधी हातरुमाल टाकायचा. युरोपातले साहेब आले की लाटेच्या कडेचा व्हॉल्व्ह तोच समजावून सांगायचा, आणि सांगता सांगता 'आम्ही'चं 'मी' कधी झालं ते आमच्या लक्षात आलं तेव्हा तो आमचा प्रमुख झाला होता.

पहिल्यांदा त्याने टेबल बंद केलं. कामाच्या वेळेत माणसं खातात आणि भांडतात, हा वेळेचा अपव्यय आहे म्हणाला. मग त्याने युरोपात जाऊन एक कल्पना मांडली, त्या काळात सगळ्याच मोठ्या कंपन्यांत बोकाळलेली. बनवायचं काम स्वस्त देशात द्यायचं आणि विचार करायचं काम इथे ठेवायचं. परत येऊन आम्हाला सांगताना त्याने आधी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. म्हणाला, "डोकं अरादमध्ये राहील." मग हात हलवून दाखवले आणि म्हणाला, "हात पुण्याला जातील."

पुण्याला! त्याने ते नाव घेतलं आणि सगळ्या खालच्या मजल्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

माझा काही संबंध नव्हता. मला ते त्यांच्याबरोबरच कळलं होतं. पण मी भारतातून आलेली, घरी मराठी बोलणारी, आणि वर विकास विभागात माझी खुर्ची शाबूत. माझ्या मैत्रिणीने कपाट रिकामं केलं त्या दिवशी मी तिला मदत करायला खाली गेले. तिने माझ्या हातातून तिची चप्पल काढून घेतली. म्हणाली, "राहू दे, नेशामा. काम तुझ्या गावाला गेलं ना? तू तर खूश असशील." मी म्हटलं, "मी काही केलेलं नाही." ती म्हणाली, "सगळेच तसं म्हणतात." आणि ती गेली. पुढे ती मृत समुद्राकाठच्या एका हॉटेलात खोल्या आवरायला लागली. बाजारात दिसली तर रस्ता बदलायची.

ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. तिचा राग मला आलाच नाही, तिच्या जागी मीही तेच बोलले असते. सगळा राग त्याच्यावर गेला. मला तिच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं की बघ, मी त्याच्या बाजूची नव्हते. आणि नुसतं सांगून भागणार नव्हतं.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "त्याची खुर्ची गेली की मी एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन." आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू लोकांत नवस फेडायचा तो असा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं आणि खजूर, आणि एलियाहू नबीची प्रार्थना.

आईने हातातली सुरी खाली ठेवली. "काय गो बाय, डोकं फिरलंय काय तुझं? नबीला कुनाच्या वायटाचा नवस बोलतात? मुलगा होऊ दे, आजार जाऊ दे, असा बोलतात."

"बोलले मी."

"इमा, दाय," माझी मुलगी आतल्या खोलीतून हिब्रूत ओरडली, म्हणजे आई, पुरे कर.

"बोललीस तर आता फेडायला पायजे," आई म्हणाली आणि पुन्हा कांदा चिरायला लागली. "नबी काय करल ते त्याचं तो बघंल."

मी राजीनामा द्यायच्या बेतात होते तेवढ्यात मेनाहेलने मला बोलावलं. "पुण्याला तूच जा," म्हणाला. "त्यांची भाषा बोलतेस, दुभाष्याचा खर्च वाचेल." आणि एक जाड फाइल माझ्यापुढे सरकवली. साच्यांची ड्रॉइंग, तापमानं, दाब, रबराची जात, तपासणीच्या पद्धती. हे त्याचं ज्ञान-हस्तांतरण. मी उभ्या उभ्या फाइल चाळली. सगळं होतं तिच्यात. टेबल नव्हतं. आमच्याकडे नवं काही कुठून येतं हे त्या माणसाला कधी कळलंच नव्हतं. त्याला वाटायचं, ते वरच्या मजल्यावर, त्याच्या स्वच्छ शर्टातून येतं. मी राजीनाम्याचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, "जाते."

विमानात मी इतकी आनंदात होते की शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, माहेरी निघालात का?

पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना नवाकोरा होता. मी ठाणं सोडलं तेव्हाची माझी मराठी ऐकून तिथली पोरं-पोरी गालात हसायच्या. मी 'इलेक्ट्रिक गेली' म्हटलं की त्यांना त्यांची आजी आठवायची. फाइलमध्ये जे होतं ते मी त्यांना शब्दन् शब्द शिकवलं, त्यात एका अक्षराची कसूर केली नाही. ते झाल्यावर मी म्हटलं, "आता शेवटची गोष्ट. ही इस्रायलची सक्तीची पद्धत आहे. हिच्याशिवाय उत्पादन सुरू करता येत नाही." धादांत खोटं! पण परदेशी कंपनीची सक्ती म्हटली की आपल्याकडे कोणी उलट विचारत नाही, हे मला ठाऊक होतं.

अडचणी बऱ्याच निघाल्या. एक तर तिथे गुरुवारी वीज नसायची म्हणून वसाहतीची साप्ताहिक सुट्टीच गुरुवारी. मग बुधवार ठरवला. दुसरं म्हणजे तिथे इंजिनियर एका खोलीत जेवायचे आणि यंत्रांवरची माणसं दुसऱ्या. मी सांगितलं, एकच टेबल, एकच चहा. कँटीनवाल्याने पोह्यांचं पातेलं मध्ये ठेवलं आणि मी त्याच्या शेजारी खराब मालाचं घमेलं रिकामं केलं. सुपरवायझर कळवळून म्हणाला, "मॅडम, खाताना हे कशाला?"

पहिल्या बुधवारी कोणी तोंड उघडलं नाही. इंजिनियर बोलल्याशिवाय कामगार बोलेनात आणि इंजिनियर माझ्याकडे बघत बसले. मी माझंच एक जुनं ड्रॉइंग काढलं, त्याच्यावरून बनलेला फुटका तुकडा त्यावर ठेवला आणि म्हटलं, "ही माझी चूक. इथे कड इतकी पातळ धरली की साच्यातून निघतानाच चिरते. आता मला नावं ठेवा. हा नियम आहे."  मग नुकतीच नोकरीला लागलेली एक इंजिनियर मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? हे ड्रॉइंग काढणाऱ्याने साचा कधी पाहिलेला नसावा." सगळे दचकून माझ्याकडे बघायला लागले. मी टाळ्या वाजवल्या. मग यंत्रावरचा एक जण म्हणाला, की पातळ कडेचं सोडा, हे वळणच उलटं आहे. दुसरा म्हणाला, उलटं नाही, तुझं डोकं उलटं आहे. आणि पोहे गार होईपर्यंत ते भांडले. माझी मैत्रीण तिथे असती तर शड्डू ठोकून मध्ये पडली असती. तिची इतकी आठवण आली की मी चहाचं निमित्त करून बाहेर जाऊन आले.

निघताना मी त्या इंजिनियर मुलीला सांगितलं, "काही झालं तरी बुधवार सोडायचा नाही. आणि इथून काही नवं निघालं तर अरादला पाठवायचंच, पण त्याची एक प्रत युरोपात पाठवायची." कोणाला पाठवायची, ते नावही लिहून मी तिच्या हातात ठेवलं.

अरादला परत आले तर जिन्याखाली झाडांच्या कुंड्या ठेवल्या होत्या. यंत्रं गेली होती. इतकं शांत होतं की माझ्याच पेन्सिलीचा आवाज मला ऐकू यायचा. आता आम्ही नुसता विचार करत होतो. ड्रॉइंग काढायची, पुण्याला पाठवायची आणि नमुन्याची वाट बघायची. नमुना यायला इतके दिवस लागत की तो आला तोवर आपण असं का काढलं होतं हेच आठवायचं नाही. आणि पुण्याहून यायचा तो चांगलाच नमुना यायचा. वाकलेले, चिरलेले तुकडे कोण समुद्रापार पाठवणार? चुका तिकडेच राहत होत्या. आमची ड्रॉइंग अधिकाधिक देखणी होत गेली आणि त्यांच्यातून काही निघेनासं झालं. मेनाहेल दरवर्षी युरोपात जाऊन रंगीत चित्रं दाखवायचा आणि दरवर्षी त्याला विचारायचे, नवीन काय? तो जुन्याच व्हॉल्व्हला नवा रंग देऊन यायचा. मी त्याला काही सांगितलं नाही. माझ्या वाट्याचं काम मी चोख करत होते आणि त्याच्याकडे बघत होते. बघण्यात मला मजा येत होती.

पुण्याहून सूचना यायला लागल्या तेव्हा तर मी त्या नीट मांडून त्याच्या टेबलावर ठेवायचे. कालव्याच्या गढूळ पाण्यासाठी असं करून बघितलं, तसं करून बघितलं. तो न वाचता एकच उत्तर द्यायचा: कृपया ड्रॉइंगप्रमाणे बनवा. हात बोलायला लागले की त्याच्या कपाळावर आठी पडायची. मी त्याचं उत्तर जसंच्या तसं पुढे पाठवायचे. तिकडे ती मुलगी एक प्रत युरोपात पाठवत होती.

मग एक दिवस युरोपाहून एक बाई आली. गंभीर, कमी बोलणारी. तिने पिशवीतून एक व्हॉल्व्ह काढून मीटिंगच्या टेबलावर ठेवला. गढूळ पाण्यावर चालणारा, आमच्या सगळ्या मालापेक्षा साधा. तिने मेनाहेलला विचारलं, "हा तुमच्या विभागाने का केला नाही?" तो म्हणाला, हा उत्पादनातला किरकोळ बदल आहे. ती म्हणाली, "गेल्या काही वर्षांत कंपनीत झालेली ही एकच नवी गोष्ट आहे. तुमच्याकडे दोनदा पाठवली होती. तुम्ही कळवलंत, ड्रॉइंगप्रमाणे बनवा." त्याचा चेहरा असा उतरला की मला ते दृश्य डबीत भरून घरी न्यावंसं वाटलं. कंपनीने ठरवलं होतं की विकासाचं कामही पुण्याला जाईल. अरादचा विभाग बंद.

बाहेर जिन्यावर त्याने मला गाठलं. "तू काय शिकवलंस त्यांना?"

"तू फाइलमध्ये घालायचं विसरलास ते," मी म्हटलं.

"तुझीही नोकरी गेली, कळतंय ना?"

कळत होतं. माझ्या नावाचं पत्र माझ्या हातातच होतं. पण त्याची मान खाली होती आणि माझी वर. तशीच मी लोखंडी जिना उतरले. इतकं बरं मला त्या इमारतीत कधी वाटलं नव्हतं.

आईने कुरकुर न करता पोहे भिजवले. बेरशेवाच्या दुकानातून नारळ आणला. प्रार्थना म्हणताना तिने एकदा माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं, आणि शेवटी म्हणाली, "नबीनं तुझं ऐकलंन. आता त्याच्या नावानं मनातला इख काढून टाक." मी मान हलवली. ते विष काढायचा माझा काही बेत नव्हता. मी एक मोठी थाळी भरली, वर खजूर आणि केळ्याच्या चकत्या लावल्या आणि माझ्या मैत्रिणीच्या घरी गेले.

तिने दार उघडलं. मृत समुद्राच्या हॉटेलचा झगा अजून अंगावर होता. हात चादरी ओढून ओढून सुजले होते. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं: त्याची खुर्ची गेली, युरोपची बाई, त्याचा पडलेला चेहरा. ती ऐकत होती. मध्येच एक खजूर उचलून तोंडात टाकला. त्याच्या चेहऱ्याचं सांगितलं तेव्हा ती हसलीसुद्धा, जुनं, जिन्याखालचं हसणं. मला वाटलं, जिंकले.

"पण पुण्याच्या लोकांना कसं जमलं?" तिने विचारलं.

मी अभिमानाने सांगितलं. बुधवार, पोह्यांचं पातेलं, मध्ये ओतलेला खराब माल, आधी आपली चूक, मग शिव्या. मीच शिकवलं, म्हटलं.

तिने खजुराची बी तळहातावर काढली.

"काम गेलं तेव्हा मी तुला बोलले," ती म्हणाली. "मग घरी येऊन रडले, की उगाच बोलले. यंत्रं त्याने पाठवली, तू नव्हेस. पण टेबल आमचं होतं, नेशामा. ते त्याला नेता आलं नसतं. ते तू नेऊन दिलंस."

मी म्हटलं, "त्याला पाडायला दिलं."

"हो," ती म्हणाली. "तो पडला." तिने माझ्या हातातून थाळी घेतली आणि दार हळूच लावून घेतलं.

पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन. हे मी आईलाही सांगितलं आहे आणि तिने त्यावर कपाळाला हात लावला आहे. त्या माणसाचा पडलेला चेहरा मी कोणाला परत देणार नाही. पण त्या आठवड्याच्या शेवटी माझ्या दाराच्या मुठीला एक पिशवी अडकवलेली होती. आत माझी थाळी होती. घासून लख्ख केलेली, कोरडी पुसलेली. मी पिशवी उलटी करून झटकली, थाळी उजेडात धरून पाहिली. साखरेचा कणसुद्धा नव्हता.